मंगळवारचा फराळ

उल्हासनगरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातून वेणूला दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा आम्ही बाहेरच्या पायरीवर बराच वेळ नुसते बसून राहिलो. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं हे कळावं म्हणून सिस्टरने तिच्या उजव्या भुवईच्या वर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. तो काढायचं तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

"किती आली?" तिने विचारलं.

"दोनशे चव्वेचाळीस."

"आणि पाहिजे किती?"

"दीडशेच्या आत. उपाशीपोटी. दहा वेळा सांगितलंय तुला."

महिन्यापूर्वी दोनशे एकतीस होती. म्हणजे साखर खाली यायच्या ऐवजी वर गेली होती. खिडकीवर बसणारे सिंधी काका कागद परत देताना म्हणाले होते, "अम्मा, किसी की शादी में गई थी क्या? मीठा थोडा कम करो." ते हसून बोलले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला ते लागलं, कारण मलाही तोच संशय होता.

वेणूला, माझ्या बायकोला, नऊ वर्षं मधुमेह आहे. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, त्यातला उजवा पिकलेला. समोरच्या माणसाचं तोंड तिला आता दिसत नाही, नुसता आकार दिसतो. तांदूळ निवडताना खडे बोटांनी चाचपून काढते. गॅस पेटला की नाही हे हात जवळ नेऊन बघते, आणि तसं बघताना मार्च महिन्यात तिची दोन बोटं भाजली. डॉक्टर म्हणाले होते, फार थांबू नका, जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड जाईल. आता पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली होती. तीही बुधवारचीच, कारण तिथे सवलतीतली ऑपरेशनं फक्त बुधवारी होतात.

रिक्षात बदलापूरला घरी येईपर्यंत मी मनात हिशेब जुळवत होतो आणि तो जुळत नव्हता.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर. पहिलीतल्या एखाद्या मुलाला 'ळ' काढता येत नसेल, तर त्याच्याबरोबर आठवडा घालवायचा आणि आवाज चढवायचा नाही, ही माझी पद्धत होती. मुलं शिकत. ही पद्धत मी घरात वापरली नाही. घरात मी तक्ता केला.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सात रकाने आखले होते. वेणूने सकाळी, दुपारी, रात्री काय खाल्लं ते मी त्यात लिहीत असे. पुढे बरोबर किंवा चूक अशी खूण. साखर आणि गूळ मी वरच्या फळीवर चढवून ठेवले. भात आठवड्यातून एकदा, तोही वाटीने मोजून. हॉस्पिटलने पहिल्याच भेटीत काय खावं आणि काय टाळावं याची छापील यादी दिली होती. ती विकासने, आमच्या मुलाने, फ्रिजवर चिकटवली. वेणूला ती वाचता येण्यासारखी नव्हती, म्हणून मी तिला शेजारी उभी करून मोठ्याने वाचून दाखवली होती. तेवढं करून मला वाटलं, माझी बाजू मी पूर्ण केली.

मंगळवारच्या रकान्यात मी दर आठवड्याला एकच शब्द लिहायचो, 'उपवास'. पुढे बरोबरची खूण, इतर दिवसांपेक्षा जरा मोठी. आठवड्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

विकासने साखर तपासायचं छोटं मशीनही आणून दिलं होतं. दर रविवारी सकाळी मी तिचं बोट टोचायचो. एकशे पंचावन्न, एकशे साठ, कधी एकशे अठ्ठेचाळीस. मग बुधवारी हॉस्पिटलात गेलं की अडीचशेच्या घरात कशी जाते? उत्तर एकच दिसत होतं, आणि त्या संध्याकाळी मी ते बोलून टाकलं.

स्वयंपाकघरात वेणू पालक निवडत होती. सून प्रतिभा अंबरनाथहून कामावरून नुकतीच आली होती, तोंड धुऊन तशीच पीठ मळायला बसली होती.

"काल काय खाल्लं होतंस?" मी वेणूला विचारलं.

"काल मंगळवार होता. काही नाही खाल्लं."

"मग दोनशे चव्वेचाळीस हवेतून आली?"

"मला काय माहीत? शिकलेले तुम्ही."

"बाबा, राहू द्या ना आता," प्रतिभा म्हणाली. "दमल्यात त्या."

"राहू कसं द्यायचं? रविवारी दीडशे आणि बुधवारी अडीचशे. अर्थ सरळ आहे. हिला ऑपरेशनची भीती वाटते. तारीख जवळ आली की ही चोरून काहीतरी गोड खाते, म्हणजे परत पाठवतील."

वेणूचे हात थांबले नाहीत. एक जून देठ तिने बोटांनी शोधून बाजूला टाकला. "चोरून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने सुनेला म्हणाली, "प्रतिभा, तो गुळाचा डबा रात्री ह्यांच्या उशाशी ठेवत जा गं. ह्यांना झोप तरी लागेल."

पुढचे चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. "गोळी घेतली." "पाणी आलं." "विकासला फोन करा." तक्त्यात लिहायला मी काय खाल्लंस विचारलं, तर म्हणायची, "तुम्हाला वाटेल ते लिहा." मला वाटलं, चूक पकडली गेली की मुलंही अशीच रुसतात.

मंगळवार आला. मी ठरवलंच होतं की आता रविवारपुरतं थांबायचं नाही, मध्येच केव्हातरी तपासायचं. सकाळी उपाशीपोटी एकशे एक्कावन्न आली. दुपारी आम्ही दोघांनी समोरासमोर बसून फराळ केला. वेणूच्या साबुदाण्याच्या खिचडीचा दाणा न् दाणा सुटा होतो. मला उपवास नसायचा, तरी मंगळवारी मी जेवणाऐवजी खिचडीच घ्यायचो, दोनदा वाढून.

तीनच्या सुमाराला ती पलंगावर आडवी होती. उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा. अंग जड झालंय म्हणाली. मी बोट टोचलं. तीनशे सव्वीस.

बोट पुसून पुन्हा टोचलं. तीनशे एकोणीस. मशीन बिघडलं असेल म्हणून मी माझं बोट टोचलं. एकशे अठ्ठावीस. मशीन ठीक होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. साखर होती तेवढीच होती. गुळाच्या ढेपेवर मी सुरीने केलेली खूण तशीच होती. परत येऊन तिच्याजवळ बसलो.

"काय खाल्लंस? खरं सांग. मी ओरडणार नाही."

"उपवास आहे हो."

"तरी काय खाल्लंस?"

"काही नाही म्हणते ना. तुमच्यासमोर तर बसले होते. ती खिचडी, रताळ्याचे काप, नि सकाळी दोन केळी."

'काही नाही' आणि 'खिचडी' तिने एका दमात म्हटलं, आणि त्यात तिला काही विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं नाही. मग मी उठलो आणि फ्रिजपाशी जाऊन ती यादी वाचू लागलो.

'टाळावे' या शब्दाखाली पाच ओळी होत्या. पहिली साखर, गूळ, मध. दुसरी मैदा, बिस्किटे, पाव. तिसरी पांढरा भात. चौथी साबुदाणा, बटाटा, रताळे, केळे. पाचवी तळलेले पदार्थ. वेणूला वाचून दाखवताना मी चौथी ओळ सोडली होती. कशी सोडली तेही मला लख्ख आठवलं. नजर त्या ओळीवरून गेली, मनात आलं की हे उपवासाचं आहे, त्या दिवशी ही कुठे काही खाते, आणि मी पुढे तळलेल्यावर गेलो.

मी यादी काढून तिच्याजवळ नेली.

"वेणू, यातली एक ओळ मी तुला वाचून दाखवली नव्हती."

वाचली. ती ऐकत पडून राहिली.

"साबुदाण्यात साखर कुठंय?" ती म्हणाली. "तो तर पांढराफटक असतो, चव पण नाही त्याला."

"तोंडाला गोड लागत नाही. पण पोटात गेला की त्याची साखरच होते, भाताची होते तशी. भातापेक्षा जास्तच. आणि रात्री आपण पुन्हा बटाट्याची भाजी, वर दूध-केळं घेतो. बुधवारी सकाळी हॉस्पिटलात जातो ते हे सगळं घेऊनच."

"दर मंगळवारी?"

"चार वर्षं."

ती बराच वेळ वरच्या पंख्याकडे तोंड करून होती. पंखाही तिला दिसत नसणार.

"म्हणजे मी चोरून नव्हते खात."

"नाही."

"साबुदाणा तुम्हीच आणायचात."

"हो. कुळगावातून. मोठा दाणा बघून."

"प्रतिभाला सांगाल हे?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी प्रतिभा आली, जेवणं झाली, भांडी झाली. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. तिसऱ्या दिवशी विकासचं आणि तिचं काहीतरी चाललं होतं. रोज एक कारण मिळत गेलं. वर्गात फळ्यावर चुकीचं लिहिलं तर मी मुलांसमोर पुसून पुन्हा लिहायचो, त्यात कमीपणा वाटायचा नाही. सुनेसमोर मात्र तोंड उघडेना.

उपवासाचा प्रश्न तर त्याहून अवघड निघाला. मला वाटलं होतं, कारण सापडलं, आता मंगळवार बंद केला की झालं.

"नाही," वेणू म्हणाली.

"अगं, तुझे डोळे जातील."

"जाऊ देत."

मग तिने सांगितलं, आणि मला ते माहीत होतं तरी मी नव्याने ऐकलं. दोन हजार एकवीसच्या साथीत मी एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होतो. आत कोणाला सोडत नव्हते. तेव्हा तिने देवीला शब्द दिला होता, हे घरी आले तर हे आहेत तोवर मंगळवार करीन.

"मी सोडला आणि तुम्हाला काही झालं तर? मग नीट डोळ्यांनी बघायचं काय?"

"असं काही होत नसतं, वेणू."

"एकोणीस दिवस तुम्ही आत होतात. बाहेर मी होते. बाहेरचं तुम्हाला माहीत नाही."

मी नंतरही दोन-तीनदा प्रयत्न केला. उदाहरणं दिली, समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी "नाही" म्हणायची. आम्ही दोघंही दमलो.

सोडवलं ते तळमजल्यावरच्या कौसाबाईंनी. त्या विरजणाला दही मागायला आल्या होत्या. इथे खरवईत नव्या इमारती उठल्या तेव्हा जमिनीच्या बदल्यात त्यांना दोन घरं मिळाली, पण विरजण त्या अजून आमच्याकडूनच नेतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "गुरुजी, उपास सोडायला कोण सांगतंय? साबुदाणा सोडा. देवीनं काय साबुदाणाच खा म्हणून चिठ्ठी पाठवलीय?"

"मग खाऊ काय?" वेणू म्हणाली.

"काकडी खा, दही खा, शेंगदाणे भाज. आमच्या माहेरी उपासाला दुधी चालतो. भेंडी पण चालते."

"भेंडी?" वेणू उठून बसली. "तुमच्या माहेरी काय, कोंबडी पण चालत असेल."

"कोंबडीला रविवार ठेवलाय," कौसाबाई म्हणाल्या आणि दही घेऊन गेल्या.

वेणूने दोन दिवस विचार केला. दुधी चालेल, भेंडी चालणार नाही, असं ठरलं. पण तिची एक अट होती.

"मी काकडी चावत बसायची आणि तुम्ही समोर खिचडी खायची, हे मला जमायचं नाही. डोळे गेलेत, नाक धड आहे माझं. मी खाईन ते तुम्ही खायचं. दिवसभर."

"खाईन. आणि करीनही मीच. तू गॅसजवळ नको."

डॉक्टरांकडे जाऊन मंगळवारच्या गोळ्यांचं विचारून आलो. ते म्हणाले, पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं चार वेळा द्या, गोळी चुकवू नका. पुढच्या मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा दुधी चिरला. जिऱ्याची फोडणी, शेंगदाण्याचं कूट, मीठ. मीठ जास्त पडलं. वेणूने एक घास घेतला.

"कसा झालाय?"

"शाळेत फळा पुसायच्या फडक्याला अशीच चव असेल."

पण तिने वाटीभर खाल्लं. मीही खाल्लं. दोन वाजता दही-काकडी. चारपर्यंत माझ्या पोटात असा खड्डा पडला की मला काही सुचेना. घराची भिंत न् भिंत नकोशी झाली. औषधाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून मी बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर उभा राहून वडापाव खाल्ला. गरम होता. दुसरा मागवायचा मोह मी आवरला, एवढंच.

परत आलो. वेणू दारातच बसली होती.

"लसणीची चटणी होती वाटतं बरोबर," ती म्हणाली.

मी चप्पल काढत राहिलो.

"होती का नव्हती?"

"होती."

"चोरून खाल्लंत."

"हो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मंगळवार मोडला का?"

"देवीला मी बोलले होते. तुम्ही नव्हतात बोलला. तुम्ही नुसतं माझ्याबरोबर बसायचं कबूल केलं होतं. ते मोडलंत." मग भिंतीला हात लावून उठता उठता म्हणाली, "आणि एक वेळचे तुमचे हे हाल. माझ्यापासून नऊ वर्षं कोणी ना कोणी डबे वर चढवून ठेवतंय."

रात्री बुधवारची साखर किती येईल याची धास्ती होती. सकाळी मशीनवर एकशे त्रेसष्ट आली. त्याआधीच्या बुधवारांपेक्षा खूप कमी, पण दीडशेच्या वरच. हाताशी एक आठवडा उरला होता.

त्या आठवड्यात मी तक्ता लिहिला नाही. लिहायला वेगळं काही नव्हतंच, कारण तिच्या ताटात जे, तेच माझ्या ताटात. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर डाळ. ती पूर्वी सगळ्यांचं आवरून अडीच-तीनला खायची, आता माझ्याबरोबर साडेबाराला बसू लागली, कारण मी तिच्याशिवाय सुरूच करत नव्हतो. संध्याकाळी इमारतीभोवती दहा फेऱ्या. माझ्या कोपराला धरून ती चालायची आणि मध्येच विचारायची, "हे कोण गेलं?" मी सांगायचो. शेवटच्या फेऱ्यांना दोघांचेही पाय ओढत असायचे.

दुसऱ्या मंगळवारी मी घराबाहेर पडलो नाही. चार वाजता तिनेच मूठभर भाजके शेंगदाणे माझ्यापुढे केले. "हळू चावा. वेळ जातो," म्हणाली. रात्री दुधी आणि ताक. मीठ बेताचं होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

बुधवारी प्रतिभाने सुट्टी घेतली. आम्ही तिघं सकाळी सातला हॉस्पिटलात पोचलो. सिस्टरने वेणूचं रक्त घेतलं आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आमच्याआधी अकरा माणसं होती. प्रत्येकाचा आकडा आतून पुकारला जायचा, कोणी आत जायचं, कोणी पिशवी उचलून घरी जायचं.

"अजून सांगितलं नाहीत तुम्ही," वेणू हळूच म्हणाली.

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. "घरी गेल्यावर सांगतो."

"नाही. आकडा यायच्या आधी सांगा. चांगला आल्यावर काय, कोणीही सांगेल."

प्रतिभा मधेच बसली होती. ती एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघू लागली. मी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"प्रतिभा, त्या दिवशी मी तुझ्यासमोर म्हणालो ना, ही चोरून गोड खाते. तसं काही नव्हतं. मंगळवारच्या साबुदाण्याने साखर चढत होती. फ्रिजवरच्या यादीत ते लिहिलेलं होतं. हिला वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. चूक माझी होती आणि बोललो हिला."

प्रतिभा म्हणाली, "बाबा, ती यादी मी रोज बघते. दूध काढताना, भाजी काढताना. मला पण कधी नीट वाचावीशी नाही वाटली." आणि तिने सासूच्या भाजलेल्या बोटांवर हात ठेवला.

वेणूने पदर सारखा केला आणि बाकावर नीट टेकून बसली. इतका वेळ ती बाकाच्या अगदी पुढच्या कडेवर बसली होती, हे मला तेव्हा दिसलं.

पंधरा-वीस मिनिटांनी सिस्टर बाहेर आली. "वेणूबाई? एकशे शेहेचाळीस. चला, कपडे बदलायचेत."

प्रतिभा त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. वेणूने तिथे थांबून मागे बघितलं, मी बसलो होतो त्या बाकाच्या जरा डावीकडे, आणि विचारलं, "चहा घेतलात का? घ्या. उपास सुटला."

दार लागलं. प्रतिभा चहा आणायला खाली गेली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांनी करू, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे निदान बारा मंगळवार, आणि त्यानंतरचेही होतेच. मी बाकावर पाय लांब केले आणि डोळे मिटून बसलो.